अंगातलं बळ

“‘दिवसभर काम केल्यावर माणसाच्या अंगातले बल संपते.’”

आवटे सरांनी माझ्या पेपरातलं वाक्य वाचलं, थांबले आणि पुन्हा एकदा वाचलं. दुसऱ्यांदा ‘संपते’वर असा काही जोर दिला की मागच्या बाकावरची पोरंसुद्धा हसली. त्यांना तर बल काय नि ऊर्जा काय, सगळं सारखंच होतं.

“संपतं म्हणे! का गं, बल म्हणजे काय डब्यातले शेंगदाणे आहेत संपायला?”

वर्ग पुन्हा हसला. मी मान खाली घालून उभी. आवटे सर म्हणजे माझे वडील. घरात अप्पा आणि शाळेच्या फाटकातून आत शिरलं की सर, ही त्यांचीच शिस्त. ‘बल आणि ऊर्जा यांतील फरक स्पष्ट करा’ या प्रश्नाला त्या चाचणीत अर्ध्या वर्गाला भोपळा मिळाला होता, पण पेपर वाचून दाखवला तो माझा एकटीचा. मुलीला पाठीशी घालतात असं कुणी म्हणू नये म्हणून ते मला इतरांपेक्षा जास्त सोलून काढायचे. बार्शीतले लोक याला निःपक्षपातीपणा म्हणत आणि त्यांचं फार कौतुक करत.

मधल्या सुट्टीत ते जेवायला घरी यायचे. घर शाळेच्या मागच्याच गल्लीत होतं. तव्यावरची भाकरी ताटात पडली पाहिजे, हा त्यांचा एकुलता एक चोचला. त्या दिवशी मीही त्यांच्यामागून फुरंगटून आले आणि आईला सगळं सांगितलं.

आई भाकरी थापत होती. म्हणाली, “पण बरोबरच लिहिलंय की पोरीनं. आपण म्हणतोच ना, अंगात बळ राहिलं नाही म्हणून.”

“तू म्हणतेस. विज्ञान म्हणत नाही,” अप्पा म्हणाले. पण त्यांना शिकवायला आवडायचं, हे नाकारून चालणार नाही. घास हातातच ठेवून त्यांनी मला उठवलं. “शैला, ती भिंत ढकल. अशी नाही, पाय रोवून. अजून. अजून जोरात.”

मी ढकलत राहिले. हात थरथरायला लागले, कपाळावर घाम आला.

“थांब. दमलीस?”

“हो.”

“भिंत दमली?”

मी हात झटकत भिंतीकडे पाहिलं.

“तू जेवढं बल लावलंस तेवढंच भिंतीनं उलट तुझ्यावर लावलं. तसूभर कमी नाही, जास्त नाही. पण दमलीस तू. म्हणजे तुझी संपली ती ऊर्जा. बल लावलं जातं, ते साठत नाही, उरत नाही, संपत नाही. कळलं?”

“मग भिंतीचं काहीच खर्च होत नाही?” हे आईनं विचारलं.

अप्पांना बरं वाटलं असावं. “काही नाही. तो खांब बघ. पन्नास वर्षं माळवदाचं छत पेलून उभा आहे. काय खातो तो? बल लावायचं तर ऊर्जा घालवावीच लागते असं नाही. नुसतं जागचं न हलणं पुरतं.”

आईनं भाकरी उलटली. “आणि आपल्याला कुणी ढकलतंय हे भिंतीला कळत तरी असेल का हो?”

“हा काय विज्ञानाचा प्रश्न झाला?” अप्पा हसले आणि जेवायला लागले.

त्याच आठवड्यात आईची ऑर्डर आली.

आईनं लग्नाआधी डी.एड. केलं होतं. एम्प्लॉयमेंट एक्स्चेंजमध्ये नाव घातलेलं, दर खेपेला जाऊन कार्ड रिन्यू केलेलं, पण बोलावणं कधी आलं नव्हतं. त्या उन्हाळ्यात आलं. शेजारच्या इंगळेबाई जिल्हा परिषदेच्या शाळेत होत्या, त्यांच्यासोबत जाऊन आई मुलाखत देऊन आली. आणि ऑक्टोबरात चक्क नेमणूक हातात पडली. प्राथमिक शिक्षिका, शाळा एसटीनं तासाभराच्या गावी. वीस तारखेपर्यंत पंचायत समितीत कागद देऊन हजर व्हायचं. नाही झालं तर नेमणूक रद्द, यादीतली पुढची बाई. आणि आईचं वय भरतीच्या अगदी काठावर आलेलं. पुढच्या भरतीला तिचा अर्जसुद्धा कुणी घेतला नसता. हे इंगळेबाईंनी दारातूनच ओरडून सांगितलं होतं, त्यामुळे गल्लीत सगळ्यांना माहीत होतं.

“बाई, आता मागंपुढं बघू नका,” त्या म्हणाल्या. “ही गेली की गेली बगा.”

अप्पांनी ऑर्डर वाचली. चष्मा काढला, पुसला. “छान. अभिनंदन,” म्हणाले.

“मग जाऊ ना?” आईनं विचारलं.

“मी कुठं नाही म्हणतोय?”

हे वाक्य त्या पंधरवड्यात मी इतक्यांदा ऐकलं की अजूनही कुणी म्हणालं तर माझ्या डोक्यात तिडीक जाते. मी कुठं नाही म्हणतोय. आणि खरंच, ते एकदाही नाही म्हणाले नाहीत. माझे वडील आरडाओरडा करणारे नव्हते. आईवर त्यांनी कधी हात उगारला नाही, ताट भिरकावलं नाही, दारूचा तर थेंब नाही. स्त्री-शिक्षणावर त्यांचं भाषण ठेवायला आसपासच्या गावांतून बोलावणी यायची. बायका आईला म्हणायच्या, तुमचं नशीब थोर.

घोडं अडलं ते नावावर. आईच्या डी.एड.च्या प्रमाणपत्रावर नाव होतं कौसल्या बाबूराव ढवळे. लग्नात अप्पांनी तिचं नाव बदललं. कौसल्या त्यांना गावंढळ वाटलं, म्हणून ताटातल्या तांदळात अंगठीनं लिहिलं नलिनी. रेशनकार्डावर, मतदारयादीत, सगळीकडे नलिनी मुरलीधर आवटे. पंचायत समितीतला क्लार्क म्हणाला, “बाई, ही कौसल्या म्हणजे तुम्हीच, कशावरून? तुमच्या मिस्टरांचं प्रतिज्ञापत्र आणा.”

मामा वैरागहून मुद्दाम आला होता. त्यानं विचारलं, “मी सख्खा भाऊ हाय. मी लिवून दिलं तर?”

“भाऊ नाही चालत. नाव कुणी बदललं? नवऱ्यानं. मग सांगणार पण त्यानंच.”

गॅझेटमध्ये नाव छापून आणायची सोय होती, पण त्याला महिने लागायचे. म्हणजे आता सगळं येऊन ठेपलं एका सहीवर. ‘कौसल्या बाबूराव ढवळे व सौ. नलिनी मुरलीधर आवटे या दोन्ही नावांची व्यक्ती एकच असून ती माझी पत्नी आहे,’ एवढ्या एका वाक्याखाली अप्पांनी सही करायची होती.

कोर्टाबाहेर लिंबाखाली टायपिस्ट बसायचा. आईनं त्याच्याकडून कागद टाइप करून आणला आणि रात्रीची जेवणं झाल्यावर अप्पांच्या पुढ्यात ठेवला. अप्पांनी खिशाचं लाल पेन काढलं. मला वाटलं, सहीच करतायत. त्यांनी एका शब्दाला गोल केला.

“‘सदर इसम’? बाईला इसम म्हणतात? आणि हे ‘पत्नि’ ऱ्हस्व?”

“टायपिस्टनं केलंय ते. चालतंय म्हणाला.”

“त्याचं चालत असेल. चुकीच्या मराठीखाली माझी सही कशी येईल? मी शिक्षक आहे, नलिनी.”

लाल गोल पडलेला स्टॅम्पपेपर बाद झाला. आई दुसऱ्या दिवशी पुन्हा कोर्टाकडं गेली. नवा कागद आला. त्यात इसम नव्हता, पत्नी दीर्घ होती. अप्पांनी वाचला आणि म्हणाले, “विवाहाची तारीख कुठंय? तारखेशिवाय हे विधान अर्धवट आहे.” आणि समासात लाल फुलीही मारली, सवयीनं.

हे सगळं चालू असताना आई आणखी एक करत होती. नोकरी लागल्यावरही घर कसं चालेल, ते ती करून दाखवत होती. पहाटे उठून दोन्ही वेळचं रांधायचं, भाकऱ्या फडक्यात गुंडाळून ठेवायच्या, पाणी भरायचं, धुणं वाळत घालायचं आणि मग कागदांमागं निघायचं. एकदा डॉक्टरी दाखल्यासाठी सरकारी दवाखान्यात, एकदा चारित्र्याच्या दाखल्यासाठी नगरसेवकाकडे. दुपारी अप्पा यायचे. फडक्यातली भाकरी बोटानं दाबून बघायचे. अर्धी खायचे, अर्धी ताटात ठेवून उठायचे.

“काय झालं?” आई विचारायची.

“काही नाही. गार भाकरी घशाखाली उतरत नाही माझ्या, त्याला तू तरी काय करणार? तू जा, तुला कामं आहेत.”

मग आई दुसऱ्या दिवशी कोर्टातून धावतपळत मधल्या सुट्टीला घरी यायची, तवा तापवायची, गरम भाकरी वाढायची आणि परत उन्हात निघायची. ऑक्टोबरचं बार्शीतलं ऊन ज्यानं पाहिलंय त्यालाच माहीत. संध्याकाळी ती ओसरीवर टेकली की अप्पा वर्तमानपत्रातून मान वर करत.

“किती हिंडलीस आज! आणि शेवटी आलीस कुठं? निघालीस तिथंच. म्हणजे विस्थापन शून्य. आणि विस्थापन शून्य तर कार्य शून्य. काय शैला?”

मी आज पुण्यात बारावीला फिजिक्स शिकवते, म्हणून सांगते, ते चूक होतं. घर्षणाच्या विरुद्ध चाललेला माणूस परत जागेवर आला म्हणून त्याचं कार्य पुसलं जात नाही. जाताना लागतं तेवढं येतानाही लागतंच. पण वाक्य टाळीचं होतं आणि अप्पा ते दर वर्षी वर्गात वापरायचे. आई मात्र हसायची. तिला वाटायचं, चेष्टा करतायत म्हणजे मूड बरा आहे, आज सही होईल.

तिसरा कागद बिनचूक होता. तो आईनं टायपिस्टच्या शेजारी उभं राहून अक्षर न् अक्षर वाचून घेतला होता. अप्पांनी दोनदा वाचला. काही सापडलं नाही. मी दाराआडून बघत होते आणि मनात म्हणत होते, करा आता, करा.

“ठेव. निवांत करतो,” ते म्हणाले.

“आत्ताच केलीत तर उद्या सकाळीच देऊन येते. परवा शेवटचा दिवस आहे.”

“अगं, मी कुठं पळून चाललोय? घाईत सही करू नये. कितीतरी लोक घाईत सह्या करून बुडालेत.”

“यात बुडण्यासारखं काय आहे हो?” आईचा आवाज पहिल्यांदाच चढला. “मी तुमची बायको आहे, एवढंच लिहिलंय की त्यात.”

“आवाज चढवू नकोस. मी चढवलाय का? आजवर कधी बळजबरी केलीय तुझ्यावर? सांग शैलासमोर.”

नव्हती केली. अप्पांनी कागदाची घडी घालून सदऱ्याच्या खिशात ठेवली. दुसऱ्या दिवशी आईनं विचारलं तर म्हणाले, शाळेच्या ड्रॉवरमध्ये राहिला.

मी तेव्हा एक गोष्ट पाहत होते, तिला काय म्हणायचं ते कळत नव्हतं. आई सहीबद्दल बोलली नाही की अप्पा अगदी लोण्यासारखे. हसणार, मला गणितं घालणार, आईला विचारणार, डोकं दुखतंय का गं, पडतेस का जरा? ती एकदा विचारणार तेव्हा ते एकदा अडणार. ती जोर करणार तेव्हा तेही तेवढेच घट्ट. स्वतःहून त्यांनी काही केलं असं एकही कृत्य मला त्यांच्यावर शाबीत करता आलं नसतं. आणि रोज रात्री त्यांना अंथरुणाला पाठ टेकताच झोप लागायची. आईला लागत नव्हती. तिच्या डोळ्यांखाली काळी वर्तुळं आली होती.

वीस तारखेला ती शाळेत आली.

तिसरा तास चालू होता. प्रयोगशाळेत आमचाच वर्ग आणि फळ्यापुढं सर. दारात सावली पडली म्हणून मी वळून पाहिलं. आई चांगल्या साडीत होती. हातात बाकीच्या कागदांची पिशवी.

“अहो, तेवढी सही...” ती दारातूनच म्हणाली. अख्खा वर्ग तिच्याकडे बघायला लागला.

सरांनी खडू खाली ठेवला. अगदी सौम्य आवाजात म्हणाले, “तास चालू आहे. मुलांचं नुकसान नको. संपल्यावर करू.”

आई बाजूला झाली आणि व्हरांड्यात उभी राहिली. व्हरांड्यावर नुसते पत्रे होते, बसायला बाक नव्हता. खिडकीतून मला तिची पाठ आणि पिशवी धरलेला हात दिसत होता.

सर पुन्हा फळ्याकडे वळले. त्या दिवशीचा भाग होता कार्य. मला वाटत नाही की त्यांनी तो मुद्दाम काढला. पाठ्यपुस्तकात तोच पुढचा होता.

“स्टेशनवर एक हमाल डोक्यावर पेटी घेऊन नुसता उभा आहे,” सर म्हणाले. “गाडी लेट आहे. तासभर उभा आहे, दोन तास उभा आहे. पेटी ना वर जाते ना खाली. तर त्यानं पेटीवर किती कार्य केलं?”

“शून्य!” वर्ग ओरडला.

“शून्य. हमालाला वाटतं, मी केवढं काम केलं. हमालाला काय वाटतं, याच्याशी विज्ञानाला कर्तव्य नाही.”

पोरं हसली. बाहेर आईनं पिशवी या हातातून त्या हातात घेतली. तिच्या ब्लाउजची पाठ घामानं भिजली होती. मी हात वर केला. चाचणीतल्या त्या प्रकारानंतर मी वर्गात तोंड उघडलं नव्हतं.

“सर, कार्य शून्य झालं, तर मग त्याची ऊर्जा गेली कुठं?”

सरांचा चेहरा असा उजळला की सांगता सोय नाही. “वा! हा खरा प्रश्न. बघा, ज्या मुलीला पंधरा दिवसांपूर्वी बल नि ऊर्जा कळत नव्हती, ती आज काय विचारते! ऊर्जा नष्ट होत नाही. स्नायूंत जळते, उष्णता होऊन बाहेर पडते. तो जो घाम येतो ना, तीच ती. तिचा पेटीला उपयोग नाही, हमालालाही नाही. वाया गेली, इतकंच.”

“आणि खाली जी फरशी असते, जिच्यावर हमाल उभा आहे,” मी म्हणाले, “ती पण तेवढंच बल लावते ना सर? तिचं किती जातं?”

“काहीच नाही,” सर म्हणाले. “फरशी आहे ती. नुसती आहे.”

मी खाली बसले. मला फरक कळला होता. मला तो इतका स्वच्छ कळला होता की मी बाकाची कड घट्ट धरून ठेवली. त्या क्षणी मला माझ्या वडिलांचा तिरस्कार वाटला. आजही त्या क्षणाची मला लाज वाटत नाही.

घंटा झाली. मी सगळ्यांच्या आधी बाहेर आले. आईनं पदरानं तोंड पुसलं होतं आणि हसू आणलं होतं. सरांनी ड्रॉवरमधून कागद आणला, घडी उलगडली, खिशातलं पेन काढलं आणि बघून परत ठेवलं.

“लाल आहे. लाल शाईची सही ग्राह्य धरत नाहीत.”

“माझ्याकडे आहे,” मी म्हणाले आणि कंपासपेटीतलं निळं पेन पुढं केलं.

त्यांनी पेनाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. “शैला, तुझा इतिहासाचा तास आहे ना? वर्गात जा.” मग आईकडे वळून, आवाज खाली आणून म्हणाले, “इथं चारचौघांत, उभ्या उभ्या? शिपाई बघतायत. बायको वसुलीला आल्यासारखी दारात उभी, बरं दिसतं का? लागोपाठ तास आहेत मला. तू घरी जा. मी येतो आणि करतो. मी कुठं नाही म्हणतोय?”

“ऑफिस बंद होईल हो तोवर.”

“मग तू मला आधी सांगायचं होतंस,” अप्पा म्हणाले.

आईनं त्यांच्याकडे पाहिलं. मग ती पायऱ्या उतरून गेली. मधल्या सुट्टीत अप्पा घरी आले नाहीत. हेडमास्तरांबरोबर चहा घेतला, असं नंतर कळलं.

संध्याकाळी दिवेलागणीला ते आले. हातपाय धुतले, खुर्चीत बसले. मला म्हणाले, “आण तुझं ते निळं पेन.” आणि सही केली. सही त्यांची फार सुंदर होती, वळणदार. खाली तारीखही घातली, वीस. कागद आईपुढं धरला.

“घे. झाली सही. आता कुणी म्हणायला नको.”

इंगळेबाई तेव्हा आमच्याकडंच बसल्या होत्या. दुपारपासून दोनदा चक्कर मारून गेल्या होत्या बिचाऱ्या. त्यांनी कागद जवळजवळ ओढूनच घेतला. “झालं की हो बाई! आजचीच तारीख हाय. उद्या सकाळी जाऊ. शिक्षणाधिकारीसाहेब माझ्या वळखीचे हायत, पाया पडू. एका दिवसानं काय आभाळ कोसळत न्हाई. चला, आवरून ठेवा सगळं.”

आई खांबाला टेकून बसली होती. साडी अजून सकाळचीच, चांगली. बदललीच नव्हती. तिनं मान हलवली.

“नको.”

“अवो, नको काय? हातातोंडाशी आलेला घास!”

“नाही हो बाई. खरंच नको. बळच राहिलं नाही अंगात.”

अप्पांनी तोवर वर्तमानपत्र उघडलं होतं. त्यातून मान वर न काढता ते म्हणाले, “ऊर्जा. बळ नाही. ऊर्जा राहिली नाही म्हण.”

इंगळेबाईंनी कागद हळूच पाटावर ठेवला आणि चपला घालून निघून गेल्या. आई उठली, आत गेली, आणि थोड्या वेळानं तव्यावर भाकरी पडल्याचा आवाज आला. अप्पांनी त्या दिवशी दीड भाकरी खाल्ली आणि मी ताटावरून उठले म्हणून मला अन्नाच्या नासाडीबद्दल सुनावलं. बोर्डाच्या परीक्षेत तोच प्रश्न आला तेव्हा मी पुरवणी जोडून उत्तर लिहिलं. विज्ञानात मी शाळेत पहिली आले आणि सत्कारात आवटे सरांनाही हार घातला गेला.

गेल्या महिन्यात माझ्या मुलीला, सईला, नोकरी लागली. पेढे घेऊन आम्ही बार्शीला गेलो होतो. अप्पा आता ब्याऐंशीचे आहेत, दात सोडले तर सगळं ठणठणीत. आईचे गुडघे गेलेत, ती भिंत धरून चालते. अप्पांनी पेढा तोंडात टाकला, सईच्या पाठीवरून हात फिरवला आणि त्यांची नेहमीची गोष्ट सुरू केली. घरी येणाऱ्या प्रत्येक शिकलेल्या पोरीला ते ती सांगतात.

“तुझ्या आजीलाही सरकारी नोकरीची ऑर्डर आली होती, माहीत आहे? घरबसल्या. पण बायकांना घर सोडवत नाही गं. मी तर सहीसुद्धा करून दिली होती. थांब, दाखवतो.”

आणि कपाटातून त्यांनी तो कागद काढला. प्लॅस्टिकच्या कव्हरात घालून ठेवलाय. सईनं वाचला. कौसल्या आणि नलिनी एकच, खाली वळणदार निळी सही, खाली तारीख.

“वीस तारखेपर्यंत मुदत होती,” अप्पा बोट ठेवून म्हणाले. “आणि सही बघ, वीसची. मुदतीत आहे.”

आहे. सहीखाली तारीख घालायची पद्धत आहे, वेळ घालायची नाही. मी तोंड उघडणार होते. यापूर्वी मी दोनदा उघडलंय आणि दोन्ही वेळा आईनंच मला आत बोलावून घेतलंय.

“मग आजी, तू का नाही गेलीस गं?” सईनं विचारलं.

आई पेढ्यांच्या खोक्याची दोरी बोटाभोवती गुंडाळत होती. तिनं अप्पांकडं पाहिलं नाही, माझ्याकडंही नाही.

“कंटाळा केला गं मी,” ती म्हणाली.

“ऐकलंस?” अप्पा म्हणाले, आणि कागद पुन्हा कव्हरात घालून ठेवायला उठले.